दोन फुटी टँकमध्ये कोणता सिक्लिड कुणाबरोबर नांदतो

परवा खालच्या मजल्यावरचे काका जिन्यातच भेटले आणि म्हणाले नातवासाठी दोन फुटाचा माशांचा टँक घेतोय, त्यात ते रंगीत चिचलिड सहा-सात टाकले तर चालतील ना. सिक्लिड म्हणजे माशांचं एक मोठं कूळ, खरा उच्चार सिक्लिड, कोणी चिकलिड पण म्हणतं, पण आपल्या इंदूरमध्ये चिचलिड म्हटल्याशिवाय दुकानदाराला कळत नाही त्यामुळे ते सोडून द्या. मी म्हटलं काका वर या, चहा घेऊ, आणि मग जे बोलणं सुरू झालं ते दीड तास चाललं, काकूंचा दोनदा फोन येऊन गेला. तेच सगळं इथे लिहितोय, कारण काका एकटे नाहीत, हा प्रश्न मला वर्षातून चार-पाच जण तरी विचारतात आणि बहुतेक वेळा मासे घेऊन झाल्यावर विचारतात.

आधी माझी फजिती ऐका. सात-आठ वर्षांपूर्वी मी पण असाच दोन फुटी टँक घेतला आणि एका दुकानातून "मिक्स आफ्रिकन" म्हणून सहा मासे आणले, दोन पिवळे, तीन निळे, एक पांढरट, सगळे दीड-दीड इंचाचे, दिसायला इतके गोड की आई पोहे करता करता गॅस बारीक करून बघायला यायची. दोन महिने सगळं छान. मग एक निळा दुसऱ्यांपेक्षा बोटभर मोठा झाला आणि त्याला वाटायला लागलं की पूर्ण राजवाडा आपलाच. एका सकाळी बघतो तर पिवळा दिसेना, शोधला तर हीटर आणि काच यांच्या मधल्या अर्ध्या इंचाच्या फटीत उभा, तोंड वर, शेपटी खाली, कल्ले भराभर चाललेत आणि शेपटीची कड पोस्टाच्या तिकिटासारखी कुरतडलेली. हीटर अंगाला लागत होता तरी तिथून हलायला तयार नव्हता, कारण बाहेर निळा उभा. पाच महिन्यात सहाचा एक झाला. दुकानदाराला सांगितलं तर म्हणे भिया, अजून चार घेऊन जा, गर्दी झाली की भांडत नाहीत. हे अर्धं खरं आहे, आणि अर्धं खरं फार महागात पडतं, त्यावर पुढे येतो.

तर हे मासे का भांडतात? ते मुळातच वाईट असतात असं नाही. सिक्लिड हे आईबापपण करणारे मासे आहेत, अंडी घालून निघून जात नाहीत, दगड साफ करतात, अंड्यांना परांनी वारा घालतात, पिल्लांना फिरवतात, काही जाती तर पिल्लं तोंडात सांभाळतात. त्यासाठी त्यांना जागा लागते आणि त्या जागेत दुसरं कोणी चालत नाही. आफ्रिकेतल्या मलावी तलावात जे दगडांत राहणारे मासे आहेत, ज्यांना तिकडचे लोक म्बुना म्हणतात, तेच आपल्याकडे "मिक्स आफ्रिकन" म्हणून मिळतात. तो तलाव साडेपाचशे किलोमीटरच्या वर लांब आहे, म्हणजे जवळजवळ इंदूर ते मुंबई. तिथे मार खाल्लेला मासा दहा फूट लांब पळतो आणि विषय संपतो. आपल्या टँकमध्ये तो दहा फूट कुठे पळणार, दोन फुटावर काच आहे. हरलेला मासा सतत जिंकलेल्याच्या डोळ्यासमोर राहतो म्हणून तो मरेपर्यंत मार खातो.

म्हणून माझं पहिलं सांगणं हे की टँक लिटरमध्ये मोजू नका, जमिनीत मोजा. प्लॉट घेताना आपण स्क्वेअर फूट विचारतो ना, तसंच. दोन बाय एक बाय एकच्या टँकमध्ये काठोकाठ भरलं तर साधारण ५६ लिटर पाणी मावतं, वाळू-दगड गेले की पन्नासच्या आत येतं, पण सिक्लिडला त्या पन्नास लिटरशी देणंघेणं नाही, त्याला खाली किती जमीन आहे ते बघायचंय, आणि ती आहे फक्त दोन स्क्वेअर फूट. क्रिबेन्सिस या छोट्या सिक्लिडची (त्याच्यावर पुढे येतो) एक जोडी अंड्यांवर असली की आपल्या बिळापासून एक फुटापर्यंत कोणाला फिरकू देत नाही. म्हणजे अर्धा टँक तिथेच गेला. उंच टँक घेऊन पाणी वाढतं, जमीन वाढत नाही, त्यामुळे १८ इंच उंच दोन फुटी टँक दिसायला भारी असला तरी खालच्या माशांना त्याचा उपयोग शून्य. पैसे घालायचे तर लांबी-रुंदीत घाला. ३६ बाय १५ इंचाची जमीन पावणेचार स्क्वेअर फूट होते, म्हणजे जवळपास दुप्पट, आणि घरात जागा मात्र एक फूटच जास्त लागते.

दुसरी गोष्ट, दुकानात दिसतो तो मासा नाही, ते मूल आहे. ऑस्कर दोन इंचाचा असतो तेव्हा त्याच्यासारखं गोंडस काही नाही, पण तो पहिल्या वर्षात महिन्याला साधारण इंचभर वाढतो आणि एक फुटाच्या आसपास जातो. तुमचा टँक रुंदीला एक फूट. म्हणजे त्याला नीट वळता पण येणार नाही, अशा टँकमध्ये ऑस्कर ठेवणं म्हणजे माणसाला आयुष्यभर लिफ्टमध्ये ठेवणं. फ्लॉवरहॉर्न तेच, तो तर एकटाच चार फुटी टँक मागतो आणि स्वतःची सावली दिसली तरी तिच्याशी भांडतो, त्याला लकी मासा म्हणून लोक दोन फुटी टँकमध्ये ठेवतात आणि मग विचारतात डोकं, म्हणजे कपाळावरचा तो उंचवटा, का फुगत नाही. तो निसर्गात कुठे सापडत नाही, वेगवेगळ्या सिक्लिडचा संकर करून बनवलेला मासा आहे. लाल पॅरट पण संकरच, त्याचं तोंड नीट बंद होत नाही, दिसायला हसरा वाटतो पण बिचाऱ्याला नीट चावता येत नाही, आणि तो पण सात-आठ इंच होतो. निळे-जांभळे-हिरवे पॅरट दिसले तर ते रंगवलेले असतात, अंगावर नावं-हार्ट छापलेले पण मिळतात, कृपा करून घेऊ नका, आपण घेतो म्हणून ते विकले जातात. जॅक डेम्प्सी, टेक्सास, जॅग्वार ही नावं ऐकली की हात जोडून पुढे जायचं. कन्व्हिक्ट, तो काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा, पाच इंचाच्या आतला असतो, पण जोडी लागली की दोन फूट पूर्ण त्यांचे, दुसरा कोणी जिवंत राहत नाही, आणि दर महिन्याला शे-दीडशे पिल्लं, जी कोणी फुकट पण घेत नाही. विचारा मला.

तिसरी गोष्ट पाणी, आणि इथे इंदूरकरांना जरा लक्ष द्यावं लागतं. आपल्याकडे दोन प्रकारचं पाणी येतं, नर्मदेचं आणि बोरिंगचं. नर्मदेचं पाणी तिकडे जलूदहून, साधारण सत्तर किलोमीटरवरून पंप होऊन घाट चढून येतं, एक दिवसाआड येतं, क्लोरीन मारलेलं असतं. बोरिंगचं पाणी माळव्याच्या काळ्या दगडातून येतं, त्यात क्षार भरपूर, बादलीच्या कडेला पांढरा थर बसतो ते तुम्ही बघितलंच असेल. घरात आरओ असेल तर आरओवाल्याकडे टीडीएस मीटर (पाण्यात एकूण किती क्षार विरघळलेत ते दाखवणारा) असतो, नसेल तर दोन-अडीचशे रुपयात मिळतो, घेऊन ठेवा. टीडीएस म्हणजे कडकपणा नाही, पण अंदाज येतो. माझ्याकडे सुदामा नगरात बोरिंगचा आकडा नर्मदेच्या दुपटीहून जास्त येतो, तुमच्या गल्लीत वेगळा येईल, स्वतः मोजा. सोबत पीएचची, म्हणजे पाणी किती आम्लधर्मी ते कळायची, बाटली घ्या, ती थेंब टाकून रंग बघायची, आणि अमोनियाची (माशांच्या घाणीतून सुटणारं विष) टेस्ट पण घ्या, ती खरी कामाची.

लोक काय करतात, आधी मासा आवडतो, मग त्याच्यासाठी पाणी बदलत बसतात, आज हे औषध उद्या ते, आणि पीएच वर-खाली होऊन मासा मरतो. उलटं करा, नळाला जे पाणी आहे त्यात जो सुखाने राहील तो मासा घ्या. बोरिंगच असेल तर रामीरेझी आणि डिस्कसचं नाव काढू नका, ते मऊ, म्हणजे कमी क्षारांच्या, आणि गरम पाण्याचे मासे. नर्मदा असेल तर क्रिबेन्सिस, एंजल, बोलिव्हियन रॅम आरामात राहतात. रामीरेझीच पाहिजे असेल तर आरओचं पाणी मिसळा, अर्धं अर्धं करून सुरुवात करा, पण मग दर आठवड्याला तेवढंच प्रमाण ठेवायची तयारी पाहिजे, ज्यांना हे होणार नाही त्यांनी त्या वाटेला जाऊ नये. नुसतं आरओचं पाणी घालू नका, त्यात काहीच नसतं, पीएच कधी कोसळेल सांगता येत नाही.

आता मुद्द्यावर, दोन फुटी टँकमध्ये कोण नांदतो. माझा पहिला नंबर कायम क्रिबेन्सिस. मुळात नायजेरिया, कॅमेरूनकडच्या नद्यांतला मासा, म्हणजे आफ्रिकनच, पण मलावीवाल्यांशी याचा काही संबंध नाही त्यामुळे "आफ्रिकन आफ्रिकन एकत्र" या हिशोबाने त्यांना मिसळू नका. नर चार इंचाच्या आत, मादी तीनच्या आसपास, पाण्याचे नखरे कमी. आणि इथे गंमत अशी की मादी जास्त सुंदर, अंड्यांवर आली की तिचं पोट पिकलेल्या चेरीसारखं होतं. ओळखायची खूण, मादी आखूड आणि गोल, नर लांबट, पाठीचा पर मागे टोकदार. अजून एक ऐकून ठेवा, यांच्या पिल्लांत नर किती मादी किती हे पाण्यावर पण ठरतं, आम्लधर्मी पाण्यात नर जास्त निघतात.

माझ्या जोडीला मी नारळाची करवंटी दिली होती. ओल्या नारळाची वडी केली त्या दिवशीची, आतलं खोबरं पूर्ण खरवडून, दोन वेळा उकळून, कडेला अंगठ्याएवढी खाच पाडून पालथी ठेवली. दुसऱ्या दिवशी दोघांनी मिळून आतली वाळू तोंडाने भरभरून बाहेर आणून टाकली, दारापुढे छोटा ढिगारा. मग मादी तीन-चार दिवस दिसलीच नाही, मला वाटलं गेली, नर मात्र दारापुढे येरझारा घालत होता. आठवड्याभराने संध्याकाळी ती बाहेर आली आणि तिच्या पोटाखाली धुळीसारखं काहीतरी हलत होतं, भिंग घेऊन बघितलं तर पिल्लं, साठ-सत्तर. ती पर असा एकदा झटकायची आणि सगळी धूळ वाळूवर बसायची, निश्चल. परत झटकला की उठायची. दिवा मालवायच्या वेळी एकेक पिल्लू तोंडात घेऊन करवंटीत नेऊन थुंकायची. आजी रोज साडेसातला खुर्ची लावून बसायची, तिची सिरियल मागे चालू असायची आणि ही इकडे बघतेय. ते दोन आठवडे टँकमधल्या डॅनिओंची मात्र वाट लागली होती, सगळे वरच्या दोन इंचात.

हो, डॅनिओ. एक जोडी आणि वरच्या पाण्यात पोहणारे सहा-आठ छोटे मासे, हा दोन फुटी टँकचा साधा फॉर्म्युला आहे. वर मासे बेफिकीर पोहत असले की खालच्या सिक्लिडला वाटतं धोका नाही, तो लपून बसत नाही, बाहेर येतो. झेब्रा डॅनिओ आपलाच भारतीय मासा, स्वस्त, चपळ, मार चुकवण्यात एक नंबर. क्रिबबरोबर तेच टाका. फक्त तळाला राहणारं कोणी टाकू नका. कोरीडोरास लोकांना फार आवडतात पण त्यांना सिक्लिडची धमकी कळतच नाही, ते अंड्यांपर्यंत वाळू हुंगत जातात आणि डोळे फोडून घेतात. आणि तो सकर, जो प्रत्येक दुकानदार "शेवाळ खाईल" म्हणून माथी मारतो, तो एक फुटाच्या वर जातो, घाण खातो त्यापेक्षा जास्त करतो. शेवाळासाठी गोगलगायी ठेवा नाहीतर जुनं एटीएम कार्ड घेऊन काच खरवडा.

दुसरा पर्याय रामीरेझी, म्हणजेच रॅम, पाणी मऊ करायची तयारी असेल तर. व्हेनेझुएला आणि कोलंबियाच्या गवताळ मैदानातला, दोन-अडीच इंचाचा, निळे ठिपके असे की ट्यूबलाइटखाली पण चमकतो. याला २७ ते ३० डिग्री पाहिजे, त्यामुळे सोबत निऑन टेट्रा नको, निऑनला एवढी गरमी सोसत नाही, कार्डिनल घ्या. टँक नवीन असेल तर रामीरेझी टाकू नका, तो मरून दाखवतो की टँक नवीन आहे. किमान तीन-चार महिने चाललेला टँक पाहिजे. बलून नावाचे गोल गोल मिळतात ते टाळा, त्यांचा कणा आखडलेला असतो. त्याचाच भाऊ बोलिव्हियन रॅम, रंग साधा, मातकट आणि लालसर, पण तब्येत दणकट, मी नवीन माणसाला हाच सुचवतो आणि नवीन माणूस तो कधीच घेत नाही कारण दुकानात तो फिका दिसतो.

अपिस्टोग्रामा या छोट्या सिक्लिडच्या गटातला कोणी मिळाला तर काकाटुओइड्स बघा, नर तीन इंच, पाठीच्या परावर पुढे तुरा, मादी दोन इंच आणि अंड्यांवर हळदीसारखी पिवळी. यांच्यात एक नर दोन मादी असं चालतं पण दोन फुटात दोन्ही माद्यांना वेगवेगळ्या टोकाला बीळ पाहिजे आणि मध्ये लाकूड किंवा झाडी, नाहीतर माद्याच एकमेकींना उभं राहू देत नाहीत.

आणि बोरिंगवाल्यांनी नाराज होऊ नका, तुमच्यासाठी आफ्रिकेतल्याच टांगानिका तलावाचे शंखात राहणारे आहेत, मल्टीफॅसिएटस, लोक मल्टी म्हणतात. जगातल्या सगळ्यात छोट्या सिक्लिडपैकी, नर जेमतेम दोन इंच, मादी त्याहून लहान. यांना कडक, आठच्या वर पीएचचं पाणीच आवडतं. वाळू दोन इंच, त्यावर रिकामे शंख, मासे जेवढे त्याच्या दुप्पट-तिप्पट, तळ्यातल्या गोगलगायींचे उकळून घेतलेले चालतात. ते वाळू उपसून शंख पुरतात, प्रत्येकाचं स्वतःचं घर, पूर्ण वसाहत करून राहतात, मोठी पिल्लं लहान पिल्लांसोबत राहतात, म्हणजे आपल्या जुन्या वाड्यासारखंच, सगळे शेजारी आणि दिवसभर कुरबुर पण कोणी घर सोडून जात नाही. सहा-आठ घेतले तर दोन फुटी टँक आयुष्यभर पुरतो. दुसरं काहीही टाकू नका सोबत. इंदूरात सहज मिळत नाहीत, ऑर्डर देऊन मागवावे लागतात, महाग पडतात, पण मी सांगतो त्या पैशात चार वेळा मिक्स आफ्रिकन मेले असते.

यांतले दोन एकत्र टाकू का, हा पुढचा प्रश्न असतो, काकांनी पण विचारला. दोन फुटात नाही. क्रिब आणि रॅम दोघंही जमिनीवरचे, क्रिब जिंकतो. मल्टी आणि रॅमचं पाणीच जुळत नाही. एकाच टँकमध्ये एकच जोडी किंवा एकच वसाहत, हा नियम दोन फुटाला लागू, कितीही मन झालं तरी.

तीन फुटी असेल, त्यातही १८ इंच उंच, तर मजा वाढते कारण मजले वाटून देता येतात. एंजल हा पण सिक्लिडच आहे, हे अनेकांना माहीत नसतं. तो मधल्या-वरच्या पाण्यात, बोलिव्हियन रॅम किंवा क्रिबची जोडी खाली. एंजल घेताना जोडी म्हणून दुकानदार देतो त्यावर विश्वास ठेवू नका, लहानपणी नर-मादी कोणालाच ओळखता येत नाहीत, पाच-सहा पिल्लं घ्या, सात-आठ महिन्यांत दोघं एका कोपऱ्यात जाऊन बाकीच्यांना हाकलायला लागतात, ती जोडी ठेवा, बाकीचे परत करा, हे परत करण्याचं आधीच दुकानदाराशी बोलून ठेवा. एंजलसोबत निऑन टाकले तर ते कमी कमी होत जातात आणि तुम्ही फिल्टरवर संशय घेता. आफ्रिकनच पाहिजेत म्हणून अडून बसला असाल तर तीन फुटीत फक्त इलेक्ट्रिक यलो, एक नर तीन-चार मादी, आणि दगडांचा ढीग. म्बुनातला त्यातल्या त्यात सभ्य. त्यांना शाकाहारी खाणं जास्त द्या, स्पिरुलिना म्हणजे शेवाळवालं, रोज ब्लडवर्म म्हणजे लाल अळ्या दिल्या तर पोट फुगून मरतात.

आता ते गर्दीचं अर्धं खरं. म्बुना जास्त ठेवले की मार एकावर न पडता वाटला जातो हे बरोबर, पण ते चार फुटी टँक, दोन दमदार फिल्टर आणि दर आठवड्याला अर्धं पाणी बदलणाऱ्या माणसासाठी. पन्नास लिटरमध्ये वीस मासे टाकलेत तर भांडणाआधी अमोनियाच मारेल. त्यातून आपलं पाणी जास्त पीएचचं, आणि पीएच जास्त असला की तेवढाच अमोनिया जास्त विषारी होतो.

त्यामुळे टँक भरला आणि संध्याकाळी मासे आणले असं करू नका. फिल्टरमध्ये अमोनिया खाणारे जिवाणू बसायला चार ते सहा आठवडे लागतात. कोणा ओळखीच्याचा जुना टँक असेल तर त्याच्या स्पंजचा मळका तुकडा मागून आपल्या फिल्टरमध्ये घाला, काम लवकर होतं, आणि तो स्पंज नळाखाली धुऊ नका, क्लोरीनने सगळं मरतं, टँकमधून काढलेल्याच पाण्यात पिळा. नर्मदेचं पाणी आलं त्या दिवशीच पाणी बदलायचं असा वार धरा, २५-३० टक्के, अँटी क्लोरीन टाकून. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतून दुपारी येणारं पाणी अक्षरशः भाजतं आणि जानेवारीत सकाळी तेच पाणी बर्फ, दोन्ही थेट टँकमध्ये घालू नका, बादलीत भरून घरात ठेवा, संध्याकाळी घाला. हीटर लिटरला एक वॅट या हिशोबाने घ्या, इंदूरच्या थंडीत तो लागतोच. उन्हाळ्यात पाणी उडून कमी होतं तेव्हा क्षार मागेच राहतात, म्हणून नुसती भर घालून चालत नाही, बदलावं पण लागतं.

मांडणी करताना एकच बघा, टँकच्या एका टोकाला डोळा लावून बसा, दुसरं टोक दिसलं तर मांडणी चुकली. मध्ये लाकूड, दगड, अनुबियासची झाडी काहीतरी पाहिजे ज्याने नजर अडते. बिळं माशांपेक्षा जास्त ठेवा. फुटकी कुंडी, करवंटी, मातीचा माठ फुटला असेल तर त्याच्या खापऱ्या, हे सगळं प्लास्टिकच्या किल्ल्यापेक्षा चांगलं. जड दगड आधी काचेवर टेकवा, मग वाळू घाला, नाहीतर ते खालून उकरतात आणि दगड कोसळतो. रॅम-अपिस्टोवाल्यांना एक फुकटची गोष्ट, कॉलनीत ते जंगली बदामाचं झाड असतं ना, पसरट फांद्यांचं, लाल होऊन पानं गळतात त्याची, ती वाळलेली पानं स्वच्छ धुऊन एक-दोन टाका, पाणी चहासारखं होतं आणि माशांना तेच आवडतं. फवारणी होते तिथली उचलू नका.

घ्यायला जाल तेव्हा दुकानदाराला सांगा जरा खायला टाकून दाखव. जो धावत येतो तो घ्या, जो कोपऱ्यात श्वास घेतोय तो दयेपोटी पण घेऊ नका. सगळ्यात मोठा, सगळ्यात रंगीत नर घेण्याचा मोह होतो, तोच नंतर दादा होतो. एकाच मापाचे घ्या. आधी डॅनिओ टाका, आठवड्या-दोन आठवड्यांनी सिक्लिड, म्हणजे आधीपासून राहणाऱ्यांना सवय झालेली असते आणि सिक्लिड मालक बनून बसलेला नसतो. नंतर कधी नवीन मासा आणायची वेळ आली तर दगडांची मांडणी पूर्ण हलवा, सगळ्यांचे प्लॉट एकदम रद्द झाले की भांडण शून्यापासून सुरू होतं.

थोडी धक्काबुक्की चालायचीच. आडवं उभं राहून पर फुलवणं, शेपटीने पाणी मारणं, कल्ले उघडून दाखवणं, हे बोलणं आहे. तोंडाला तोंड भिडवून खेचाखेच, ती पण मिनिटभर ठीक. पण एकजण अंगाचा रंग काळपट करून, पर मिटून वरच्या कोपऱ्यात उभा राहायला लागला, खायला येईना, तर वाट बघू नका, त्याच दिवशी वेगळा करा. दादाला चार दिवस बादलीत, हवेचा पंप आणि थंडी असेल तर हीटर लावून ठेवलं आणि मग परत टाकलं तर कधी कधी सुधारतो. कधी कधी.

नाही जमलं तर दुकानात परत द्या, कोणाला तरी द्या, पण सिरपूरच्या तलावात किंवा पिपल्यापाल्यात सोडू नका. सिरपूर २०२२ पासून जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आहे, तिथे पक्षी येतात, आणि आपले हे भांडखोर पाहुणे तिथल्या माशांची अंडी फस्त करतात. तिलापिया पण सिक्लिडच आहे, तो देशभर तळ्यांत पसरून बसलाय, सोडलं की काय होतं ते यावरूनच कळतं.

आणि खाणं, दिवसातून दोनदा, एका मिनिटात संपेल एवढंच. पाहुण्यांवर लक्ष ठेवा. आमच्याकडे एका काकांनी कौतुकाने लसणाची शेव टाकली होती, म्हणे इंदूरचा मासा आहे खाईलच. खाल्ली त्याने, थुंकली, परत खाल्ली, दुसऱ्या दिवशी पाणी ताकासारखं.

मासे आणले त्या रात्री पिशवी वीस मिनिटं पाण्यावर तरंगवा, टँकचं पाणी थोडं थोडं आत घाला, मग मासा जाळीने काढून सोडा, पिशवीतलं पाणी मोरीत. लाइट बंद. खायला काही नाही, मुलांनी काचेवर टकटक केली तर ओरडा. सकाळी लाइट लावायच्या आधी मोबाइलचा टॉर्च तिरका धरून मोजा, एक कमी भरला तर आधी हीटरच्या मागे बघा.